पाहुण्यांच्या ताटातली प्रगती

आमच्या घरची गरिबी हटवायला आजवर इतकी माणसं येऊन गेली, की त्यांना बसायला मी दोन बाकं करून घेतली. एक अंगणात, एक चुलीपाशी. खोटं वाटत असेल तर कोल्पापाताला या आणि बघा. फक्त येताना जेवून या.

मी कासिल्दा. नवरा गेलेला, एक मुलगा, एक सून आणि तोंड असं, की गावात माझ्याशी भांडायला सहसा कुणी उभं राहत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. या तोंडाने माझं जेवढं नुकसान केलंय तेवढं गारपिटीनेही केलं नसेल. पण या खेपेचं नुकसान तोंडाचं नव्हे. ते झालं माझ्या हाताच्या चवीमुळे आणि त्याहून जास्त माझ्या मिजाशीमुळे.

माझा मुलगा विल्बेर दर वर्षी पेरणी उरकली की खाली जंगलात, सोन्याच्या खाणीवर जायचा. ठेकेदाराचा ट्रक चौकात यायचा, पोरं चढायची आणि बायका रडायच्या. त्याचा बाप असाच एकदा चढला तो परत आलाच नाही. दरड कोसळली, एवढाच निरोप आला. विल्बेर परत यायचा, पण दर वेळी थोडा कमी होऊन. मातीतून सोनं वेगळं करायला तिथे पारा हाताळावा लागतो. गेल्या खेपेला तो आला तेव्हा त्याने सूपचा वाडगा उचलला आणि अर्धं सूप मांडीवर सांडलं. मी म्हटलं, "गरम आहे का रे?" तो म्हणाला, "हो, गरम आहे." गरम नव्हतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. आणि त्याच महिन्यात सुनेला, येनीला, दिवस गेले.

अशात ती योजना आली. डोंगरातल्या गरीब घरांना कुई द्यायचे म्हणे. आता कुई काय आमच्याकडे पूर्वीपासून आहेतच. चुलीभोवती फिरतात, बटाट्याची सालं खातात, दिवसभर कुईकुई करतात. सशाहून लहान, शेपूट नाही आणि अक्कल तर त्याहून नाही. पण हे योजनेतले कुई निराळे होते, किनाऱ्याकडच्या जातीचे, गुबगुबीत, शहरातले हॉटेलवाले शोधत येतात असे. येनीच्या नावावर दहा माद्या आणि एक नर मिळाला. नर इतका लठ्ठ होता, की त्याला कुशीवर वळायलाही वेळ लागायचा.

येनीने मला चुलीपाशी बसवून सगळं समजावलं. पोरगी शांत आहे, पण एकदा बोलायला लागली की ऐकून घ्यावं लागतं. माद्या भराभर वितात. पिल्लं वाढवायची, दर रविवारी बाजारात न्यायची. पुढची पेरणी उरकेपर्यंत कुईंचे कप्पे भरले, तर विल्बेरला त्या ट्रकमध्ये चढावं लागणार नाही.

"म्हणजे आई, तोवर एकही कापायचा नाही," ती म्हणाली.

"मला काय शिकवतेस? मी काय खादाड आहे?"

खादाड मी नव्हतेच. घरच्या माणसांनी कुई खायचा तो सणाला, नाहीतर बाप्तिस्म्याला. एरवी तो पाहुण्याचा. आणि डोंगराच्या या टोकाला आमच्याकडे पाहुणा येतोय कोण?

आला. आठवडाही झाला नव्हता आणि पेर्सी आला. योजनेचा इंजिनियर, गोल चेहऱ्याचा, भला माणूस. बसने आला, मग कुणाच्या तरी मोटरसायकलवरून आणि शेवटची चढण पायी. अंगणात पोचला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"दोन्या कासिल्दा," धाप टाकतही मानाने हाक मारत तो म्हणाला, "कुई कसे आहेत... एवढंच बघून जातो."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला उकडलेले बटाटे वाढू? कोल्पापातात पाहुण्याला कुई न वाढता परत पाठवलं, तर तो चढण उतरायच्या आत गावभर बोभाटा होतो. त्यात माझ्या कुंपणाला लागून फोर्तुनाताचं घर. ती विल्बेरची धर्माची आई, म्हणजे माझी कोमाद्रे. नातं बहिणीहून जवळचं, पण माझ्या चुलीतून धूर किती निघतो आणि कसला निघतो, यावर तिची पाळत असते. मी एक कुई कापला. फक्त एक. लसूण, मिरची आणि रानपुदिन्याचं वाटण लावून निखाऱ्यावर खरपूस भाजला आणि डोक्यासकट, दातांसकट ताटात ठेवला, कारण आमच्यात डोकं वाढलं की मान दिला असं होतं. येनी कोपऱ्यात उभी राहून बघत होती. पेर्सीने हाडंसुद्धा चोखली.

"दोन्या," तो म्हणाला, "असं मी जन्मात खाल्लं नाही."

तिथेच माझा घात झाला. माणूस शिव्यांनी बिघडत नाही हो, कौतुकाने बिघडतो. निदान मी तरी बिघडले.

पेर्सीने ऑफिसात जाऊन सांगितलं, की कोल्पापातातलं कासिल्दाचं घर म्हणजे आदर्श घर. मग काय, योजना कशी चालते हे ज्याला बघायचं असेल त्याला आमच्याकडे आणायला लागले. पेर्सीचा साहेब आला. साहेबाचा साहेब आला. फोटो काढणारा आला, तो तर दोन दिवस राहिला. जिल्ह्याचे मेयर आले, त्यांच्यासोबत मेयरांच्या बायकोचा भाऊ आला. तो कशासाठी आला होता हे मला अजून कळलेलं नाही, पण त्याने सगळ्यांत जास्त खाल्लं. आणि मी? गाडीचा आवाज आला की मी ॲप्रनला हात पुसत कप्प्याकडे निघायची. माद्या विणं थांबवत नव्हत्या बिचाऱ्या. पण त्या वीत होत्या त्याहून भराभर आमची प्रगती बघायला माणसं येत होती.

"आई, हे आपले कुई मोजायला येतात की संपवायला?" एकदा येनीने विचारलं.

"पाहुण्यांबद्दल असं बोलू नये."

"मग नका बोलू. पण पुढचा पाहुणा आला की त्याला सांगा, येनी माहेरी गेलीय आणि कप्प्याची कडी मला उघडता येत नाही."

"मी खोटं बोलू?" मी म्हटलं. एवढी मी सच्ची.

मग राजधानीतून, लीमाहून एक बाई आली, गरिबी मोजायला. चष्मा, नाजूक बूट, आवाज गोड. चुलीजवळच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "सेन्योरा, गेल्या वर्षभरात घरात जेवण कमी पडलं, असं कधी झालं का?"

झालं होतं. पावसाच्या शेवटी शेवटी आम्ही वाळवलेले बटाटे पाण्यात उकळून तेच पाणी दोनदा प्यायलो होतो. पण तिच्या हातात माझं भरलेलं ताट, ताटात भाजलेला कुई, वर ठेचा, बाजूला चीज. मी उपास सांगू कोणत्या तोंडाने?

"कमी? आमच्याकडे?" मी अशी हसले, की कुंपणापलीकडच्या फोर्तुनातालाही ऐकू जावं. "घ्या, अजून एक तंगडी घ्या. लाजू नका."

येनी चुलीमागून म्हणाली, "आई, पावसाळ्यात आपण..."

"येनी, पाणी आण!"

बाईने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. पुढे पेर्सीकडून कळलं, की बाई फार खूश होऊन गेल्या. गरीब घरांना तेलाचे डबे आणि पिठाची पोती मिळणार होती, त्यातून मात्र आमचं नाव गळलं, कारण आमचं बरं चाललंय असं त्यांचं मत पडलं. मी ते ऐकून चिडायला हवं होतं. मी दिवसभर गावात मिरवत होते, की लीमाच्या बाईने आमचं बरं चाललंय असं सांगितलं.

कप्पे रिकामे होत चालले तसा पेर्सी काळजीत पडला. गुबगुबीत जात, थंडी सोसली नसेल, रोग पडला असेल, असं म्हणून तो गुरांच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर उमदा माणूस, मिशीवाला. त्याने उरलेले कुई उलटेसुलटे करून पाहिले, कान पाहिले, दात पाहिले, लेंड्या हातात घेऊन चुरगाळल्या. मग हात धुऊन बाकावर येऊन बसला. मी ताट पुढे ठेवलं.

"सगळे ठणठणीत दिसतात," तंगडी मोडत डॉक्टर म्हणाला. "मग कमी कशाने होतायत? मरतात तेव्हा आधी सुस्त होतात का?"

"नाही," येनी म्हणाली. "आधी ओरडतात."

"रात्री जातात की दिवसा?"

"दिवसा. जेवणाच्या सुमाराला."

"एकेकटा जातो की दोन-दोन?"

"तुम्ही किती जण येता त्यावर आहे, डॉक्टर."

पेर्सीचा घास हातात राहिला. डॉक्टर मात्र विचारात होता. तो म्हणाला, "अजब आहे. औषध पाठवून देतो." औषध आलं, मी ते नेमाने पाण्यात घातलं. कुई टवटवीत झाले, त्यामुळे त्यांची चवही वाढली.

असं करता करता पेरणी उरकली. कप्प्यात तो लठ्ठ नर उरला होता आणि दोन माद्या, दोन्ही गाभण. येनीला सातवा महिना लागला होता. रविवारी ठेकेदाराचा निरोप आला, की गुरुवारी सकाळी ट्रक येणार.

विल्बेरने भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, भांडणात मी कधी हरत नाही. त्याने फक्त आपली पिशवी काढली, रबरी बूट झटकले आणि घोंगडी गुंडाळली. येनी रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तेव्हा मला कळलं, की पेर्सी, मेयर, मेयरच्या बायकोचा भाऊ, डॉक्टर, लीमाची बाई, या सगळ्यांनी मिळून माझा मुलगा खाल्ला होता. आणि वाढायला मीच उभी होते. वर "अजून घ्या, लाजू नका" म्हणत होते.

गुरुवारी पहाटे मी उठले, चूल पेटवली आणि सुरी घेऊन कप्प्याकडे गेले. एक मादी पकडली. ती ओरडायला लागली तसा विल्बेर दारात आला.

"कोण येतंय?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. तू जातोयस ना. रिकाम्या पोटी कसा पाठवू?"

"आई, माझ्यासाठी कधी कापला नाहीस तू."

"तू घरचा आहेस."

"मग आज कोण झालो?"

मला काही उत्तर सुचलं नाही. मला, कासिल्दाला! सुरी हातात आणि मादी काखेत ओरडतेय. त्याने मादी माझ्या हातातून सोडवून घेतली, तिला कप्प्यात सोडलं आणि कडी लावली.

"मी बटाटे खाईन," तो म्हणाला. "माझ्या नेहमीच्या जागेवर बसून खाईन. आणि तू मला एक सांग. पुढे कुणीही आलं, अगदी देवदूत उतरला, तरी त्याला तू बटाटेच वाढशील? ते कबूल केलंस तर मी ट्रक सोडतो. या दोन वितील. येनी म्हणते, कुणी खाल्ले नाहीत तर पाऊस संपेपर्यंत कप्पे भरतात. तोवर मी गावात लोकांच्या विटा पाडीन. पण तू कबूल कर. नाहीतर मी इथे राहून कुणासाठी गवत कापू? पेर्सीसाठी?"

"लोक काय म्हणतील रे?" माझ्या तोंडून निघालंच. मुलगा मरणाच्या वाटेवर उभा आणि मला लोकांची पडलेली. अशी मी.

खाली चौकात ट्रकचा भोंगा वाजला. विल्बेर वाट बघत होता. येनी त्याच्या मागे पोटावर हात ठेवून उभी होती. भोंगा परत वाजला.

"बरं," मी म्हणाले. "बटाटे."

"पाचामामाची शपथ? धरतीआईची?"

"शपथ, मेल्या! बस आता खायला!"

तो बसला. ट्रक त्याला न घेता गेला. मी इतकी खूश झाले, की लगेच कुणाला तरी जेवायला बोलवावं असं वाटलं, पण जीभ चावली.

शपथ घेणं सोपं. नंतरच्याच आठवड्यात पेर्सीचा फोन आला. योजनेला पैसा देणाऱ्या परदेशी बाई स्वतः येणार होत्या, आस्ट्रिड नावाच्या. समुद्रापलीकडून विमानाने आमच्या घरी! रात्रभर मला झोप नाही. मग डोक्यात एक युक्ती आली. शपथ माझ्या कुईंची होती. दुसऱ्याच्या कुईंबद्दल विल्बेर काही बोलला नव्हता. सकाळी उठून मी फोर्तुनाताच्या दारात गेले. तिलाही योजनेतले कुई मिळाले होते.

"कोमाद्रे, एक कुई उसना दे. माझे वितील तेव्हा दोन परत करीन."

फोर्तुनाता दारात आडवी उभी राहिली. मी तिच्या खांद्यावरून आत डोकावले. कप्पे रिकामे, झाडून स्वच्छ.

"तुझे कुठे गेले गं?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? तुझ्याकडून जेवून निघाले, की जातात कुठून? माझ्याच दारावरून ना! मी काय त्यांना उपाशी जाऊ देऊ? तुझ्या घरी खाऊन गेले आणि माझ्या घरी पाणीसुद्धा नाही मिळालं, असं गावाने म्हणायचं? मी काय तुझ्याहून कमी आहे?"

म्हणजे मेले दोनदा जेवत होते! आणि मेयरच्या बायकोचा भाऊ तर तिच्याकडे दोन खेपा आला होता. मला फोर्तुनाताचा राग आला, पण काय बोलणार? तिची अक्कल आणि माझी अक्कल एकाच दुकानातली.

आस्ट्रिडबाई दुपारी आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, उन्हाने नाक लाल झालेलं. पेर्सीने त्यांना अंगणातल्या बाकावर बसवलं. मी कप्प्याकडे बघितलं नाही. आत गेले, पातेलं उतरवलं. पिवळे बटाटे, जांभळे बटाटे, वाफ येणारे, बाजूला चीजचा तुकडा आणि ठेचा. आयुष्यात मी बाळंतपण केलं, नवऱ्याचं रिकामं थडगं बांधलं, पण ते ताट आणि पातेलं अंगणापर्यंत न्यायला माझे पाय जितके जड झाले तितके कधी झाले नव्हते.

"बसा," मी म्हणाले. "बटाटे आहेत."

आस्ट्रिडबाईंनी ताटात बघितलं. मग परत बघितलं, काही लपलेलं तर नाही ना अशा नजरेने. मग पेर्सीच्या कानाला लागून भराभर बोलल्या. मी जमिनीत जायची तयारी केली.

"दोन्या," पेर्सी हळूच म्हणाला, "बाई म्हणतायत, तुमचे फार आभार. त्या मांस खात नाहीत. सकाळपासून तीन घरी ताटातून दात दाखवणारं डोकं समोर आलं आणि नाही म्हणायची त्यांना हिंमत झाली नाही." तो थांबला. मग कानापर्यंत लाल होत म्हणाला, "आणि खरं सांगू? मलाही कुई पचत नाही. इथून गेलो की दोन दिवस पोट धरून बसतो. पण नाही म्हटलं तर तुमचा अपमान होईल, म्हणून..."

माझे कुई! ज्याला पचत नव्हते त्याने खाल्ले आणि माझा मान राखायला खाल्ले! मी त्याचा मान राखायला कापत होते आणि तो माझा मान राखायला गिळत होता. मी पातेल्यातला सगळ्यांत मोठा बटाटा त्याच्या ताटात आपटला. "हा खा," मी म्हटलं. "हा पचेल."

दोघं जेवायला लागली. खरंच भुकेलेली होती. तेवढ्यात कुंपणावर फोर्तुनाताचं डोकं उगवलं. मला वाटलंच होतं.

"कोमाद्रे!" ती अशी ओरडली, की खालच्या वाडीला ऐकू जावं. "हे काय गं? परदेशच्या पाहुण्यांना नुसते बटाटे? गरीब झालीस की काय?"

वरच्या टप्प्यावर विल्बेर लसूणघास कापत होता, त्याचा विळा थांबला. येनी दारात आली. कप्पा चार पावलांवर होता. माझ्या हातांना सवयच होती, त्यांनी ॲप्रन शोधलाही.

"हो गं बाई!" मी ओरडले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "गरीब! नवऱ्याला खाणीने गिळलं तेव्हापासून गरीब आहे मी, आणि तू पण आहेस! आमच्याकडे बटाटेच आहेत! पण माझा मुलगा घरी आहे! दिसतोय का तुला? घरी आहे माझा मुलगा!"

फोर्तुनाताच्या घरून चार वर्षांपूर्वी दोघं ट्रकमध्ये चढले होते, ते अजून परतले नाहीत. तिचं डोकं कुंपणामागे खाली गेलं.

आस्ट्रिडबाईंनी पेर्सीला विचारलं, या दोघी कशावरून भांडतायत. पेर्सी तोंडातला घास गिळेपर्यंत थांबला.

"त्या म्हणतायत, मुलगा घरी आहे," त्याने सांगितलं.

मग मी पातेलं उचललं आणि आत गेले, कारण मला रडू आवरत नव्हतं, आणि पाहुण्यांसमोर रडणं आमच्याकडे बरं दिसत नाही.